मागे वळून पाहिलं ते कशासाठी

“मी कोणाशी स्पर्धा करत नाही, मी स्वतःसाठी पोहते.” हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की आता ते म्हणताना विचारही करावा लागत नाही. बँकेत साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवताना म्हटलं आहे. सासूबाईंनी “आता या वयात?” असं विचारल्यावर म्हटलं आहे. लग्नकार्यात भेटणाऱ्या मंडळींना तर हटकून. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “मग इंग्लिश खाडी कधी?” १९५८ मध्ये मिहिर सेन आणि पुढच्याच वर्षी आरती साहा ती खाडी पोहून गेले. तेव्हापासून आपल्याकडे पोहणाऱ्या माणसाला पोहण्याबद्दल दुसरं काही विचारायचंच राहिलेलं नाही. पुण्याच्या रोहन मोरे यांनी तर जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पार केल्या, २०१८ मध्ये. त्यानंतर माझं तीन किलोमीटरचं समुद्री अंतर सांगताना मीच ओशाळते आणि मग ते वाक्य पुढे करते. स्वतःसाठी.

अलीकडे मी या वाक्याची उलटतपासणी सुरू केली आहे.

स्वतःसाठीच पोहायचं तर पंचगंगा काय वाईट आहे? सकाळी घाटावर माणसं येतात, उड्या मारतात, हातपाय हलवतात, अंग पुसून कामाला जातात. त्यांच्या पायाला चिप नसते, दंडावर मार्करने नंबर लिहिलेला नसतो. मी मात्र डिसेंबर आला की प्रवेश-फी भरून, रजा टाकून, फोंडा घाट उतरून मालवणला जाते. चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेत शेकडो टोप्यांमध्ये उभी राहते. निकाल लागला की वयोगटाच्या यादीत आधी आपलं नाव शोधते. मग माझ्या वर कोण आहे ते बघते आणि खाली कोण आहे ते त्याहून जास्त वेळ बघते. स्वतःसाठी पोहणाऱ्या बाईला खालची नावं वाचायचं काय काम?

‘हौशी’ असणं फार सोयीचं असतं. जिंकले तर “नोकरी-संसार सांभाळून बघा कसं जमवलं”, हरले तर “जाऊ दे हो, हौस म्हणून तर करतो.” दोन्हीकडून कौतुकच. धरमतर ते गेटवे हे छत्तीसेक किलोमीटरचं अंतर दहा-बारा वर्षांच्या मुलांनी पोहून गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा मी नाक मुरडते. त्या पोराला हे हवं होतं की त्याच्या आई-बापाला, असं जेवणाच्या टेबलावर मोठ्याने म्हणते. हा प्रश्न चुकीचा नाही, मला तो अजूनही योग्य वाटतो. फक्त तो मी फार खुशीने विचारते, कारण तो दुसऱ्यांच्या घराबद्दल असतो.

मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची एक बाई होती. लंडनमध्ये टायपिस्टची नोकरी करायची, म्हणजे आमच्यातलीच. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी ती सव्वापंधरा तास पोहून इंग्लिश खाडी पार करणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. पुढच्या काही दिवसांतच डोरोथी लोगन या डॉक्टरबाईंनी आपण तीच खाडी त्याहून कमी वेळात पार केल्याचं जाहीर केलं. एका वृत्तपत्राचं हजार पौंडांचं बक्षीसही त्यांना मिळालं. आणि मग त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की हे सगळं खोटं होतं, बरंचसं अंतर त्या बोटीत बसून आल्या होत्या. देखरेख नसेल तर असा दावा किती सहज पचतो, हे आपल्याला दाखवायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. बक्षीस परत केलं, खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल दंड भरला. गोत्यात आली ती ग्लाइट्झ. खरं पोहलेल्या बाईकडेही लोक संशयाने बघू लागले. २१ ऑक्टोबरला ती पुन्हा त्या थंडगार पाण्यात उतरली, या वेळी साक्षीदारांसमोर, गळ्यात रोलेक्स कंपनीचं घड्याळ बांधून. दहा तासांहून अधिक वेळ टिकली, पण थंडीने पुरती गारठली आणि तिला वर ओढून घ्यावं लागलं. खाडी पार झाली नाही. तरी पाहणाऱ्यांची खात्री पटली की ही बाई खोटं बोलणारी नव्हे. घड्याळ चालूच राहिलं आणि रोलेक्सला जाहिरात मिळाली. खाडी पोहण्यावर देखरेख ठेवणारी संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली.

ही गोष्ट वाचल्यावर मी कितीतरी दिवस लोगनबाईंवर चिडून होते. हळूहळू राग उतरला आणि दुसरंच काही टोचू लागलं. त्यांची फसवणूक मोजता येण्याजोगी होती. इतके मैल पाण्यात, इतके बोटीत. म्हणूनच ती उघड करता आली, तिच्यावर नियम करता आला. खाडीचा नियम आज इतका कडक आहे की सोबतच्या बोटीला नुसता आधारासाठी हात लावला तरी प्रयत्न बाद होतो. पेलाभर पेज घ्यायची तर ती दोरीने किंवा लांब काठीने पाण्यातल्या माणसाकडे सरकवतात. बोटीवरचा निरीक्षक सगळं टिपून ठेवतो. पण तो टिपणार हात, पाय, वेळ, वारा. पोहणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं, याचा रकाना त्याच्या वहीत नसतो. चिवल्याला माझ्या घोट्याला बांधलेली चिपसुद्धा घोटा कधी निघाला आणि कधी पोहोचला, एवढंच सांगते.

समुद्रातल्या शर्यतीची सुरुवात कोणी जवळून पाहिली नसेल तर सांगते. ती अजिबात सुंदर नसते. शिट्टी झाली की सगळे एकाच वेळी पाण्यात घुसतात. कोणाची टाच गॉगलवर बसते, कोणाचं कोपर बरगडीत. खारट पाणी नाकातून घशात उतरतं. काखेत आणि मानेला चोपडलेलं व्हॅसलीन निम्मं तिथेच जातं. मी लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकांनी वरून ढकललं होतं. विहिरीला काठ असतो, हात लांब केला की दगड लागतो. समुद्रात खालची वाळू हिरवी होते, मग काळपट, मग दिसेनाशी होते. माझा श्वास नेमका तिथे तुटतो. पहिल्या बोयापर्यंत मी शर्यत वगैरे करत नसते, नुसती घाबरलेली असते. हे मी कोणाला सांगत नाही. ‘समुद्रात काय शांत वाटतं म्हणून सांगू’ असं सांगते.

घाबरलेला माणूस कोणाच्या तरी मागे लागतो. मीही लागते. पुढच्याच्या पायांमागे, त्याने कापलेल्या पाण्यात राहिलं की कष्ट बरेच कमी होतात. याला ड्राफ्टिंग म्हणतात. खुल्या पाण्यात ते पूर्णपणे नियमात बसतं, ऑलिंपिकमधले दहा किलोमीटरवालेही तेच करतात. शिवाय दिशा बघायचं काम त्याच्यावर. दर आठ-दहा हातांनी मान वर काढून बोया कुठे आहे ते शोधणं दमवणारं असतं, मानेचे स्नायू भरून येतात. मागच्या शर्यतीत माझ्यापुढे एक शिडशिडीत मुलगा होता, कॉलेजातला असावा. त्याच्या टाचांमागचे बुडबुडे बघत मी मजेत चालले होते. ओढीने तो हळूहळू डावीकडे वाहवत गेला आणि त्याच्यामागे मीही गेले. ते लक्षात आल्यावर मला त्याचा मनापासून राग आला. “साधं सरळ जाता येत नाही याला!” ज्याच्या मेहनतीवर मी फुकट चालले होते, त्याने मेहनत नीट केली नाही म्हणून मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. याचं हसू मला किनाऱ्यावर आल्यावर आलं. पाण्यात आलं नाही.

वाट सुधारण्यासाठी मी मान चांगली वर काढली आणि सवयीने मागेही वळून पाहिलं. तेव्हा ती दिसली.

पंधरा-वीस हातांवर एक बाई पाण्यात उभ्याने होती. गॉगल कपाळावर सरकवलेला, तोंड उघडं, पुढे येत नव्हती. हात वर केलेला नव्हता. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवत ओरडत नाही. तो गप्प असतो, उभा असतो, तोंड पाण्याच्या रेषेशी असतं. हे आम्हाला सरावात शिकवलेलं आहे. मला ते माहीत होतं. आणि हे माहीत असलेल्या माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं, तर ‘ही आपल्या गटातली.’ सुरुवातीला रांगेत माझ्या शेजारी उभी होती, तिच्या दंडावरचा नंबर मी वाचला होता.

दुसऱ्या क्षणी मी कयाक शोधली. मदतीच्या कयाकपैकी एक तिच्या बाजूला फार लांब नव्हती. ती दिसली, मी तोंड पाण्यात घातलं आणि निघाले. पुढचे काही हात नेहमीपेक्षा जोरात मारले.

नियमाने पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याने घाबरलेल्या माणसाजवळ मोकळ्या हाताने जाऊ नये, तो मिठी मारतो आणि दोघं खाली जातात. वाचवायचं काम होडीचं, कयाकचं, फुग्याचं. मी तिथे गेले असते तर कदाचित अडचणच झाली असती. हे सगळं खरं आहे. मी ते स्वतःला अनेकदा समजावलं आहे आणि दरवेळी पटलंही आहे. फक्त मी कयाक शोधली ती कोणासाठी, या प्रश्नाशी येऊन गाडी थांबते. तिच्याकडे कोणी बघतंय का, हे मला जाणून घ्यायचं होतं की ‘आता तू जाऊ शकतेस’ असं म्हणणारं कोणीतरी मला हवं होतं? कयाकमधल्या मुलाला मी हाक मारली नाही. एक हाक किंवा वर केलेला हात, याने माझे फार तर चार सेकंद गेले असते. त्याने वल्हं तिच्याकडे वळवलं होतं, असं मला आठवतं. पण खरंच वळवलं होतं, की वळवेल असं धरून मी निघाले आणि पुढे आठवणीने ते चित्र स्वतःच पूर्ण करून घेतलं, हे आता सांगता येत नाही. सोयीची आठवण किती पटकन पक्की होते, याचा अनुभव बँकेत थकबाकीदारांशी बोलताना रोज येतो. स्वतःच्या खात्यात तो असेल असं वाटलं नव्हतं.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराच्या समुद्रात दहा किलोमीटरच्या शर्यतीत फ्रॅन क्रिपन हा अमेरिकन जलतरणपटू गेला. सव्वीस वर्षांचा, जगातल्या चांगल्यांपैकी एक. पाणी गरम होतं. तो शेवट गाठण्याच्या थोडं आधी नाहीसा झाला. शर्यत संपवून बाहेर आलेल्या त्याच्या सहकाऱ्याच्या लक्षात आलं की फ्रॅन अजून आलेला नाही. शोधाशोध झाली आणि तो सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. पुढे जागतिक संघटनेने पाण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा ३१ अंश ठरवली. मला या प्रसंगात तापमानापेक्षा तो सहकारी महत्त्वाचा वाटतो. दमून किनाऱ्यावर आलेला माणूस आधी घड्याळाकडे बघतो, पाणी मागतो, कितवा आलो ते विचारतो. याने आधी आपला माणूस मोजला. पुढे असंही मनात येतं की क्रिपनच्या आसपास पोहणाऱ्या कोणाला त्याचं काही वेगळं जाणवलं असेल का? असेल तर त्याने काय धरून चाललं असेल? बोटी आहेत, बघतील. मी धरलं तेच. त्यांच्यावर बोट ठेवायचा मला अधिकार नाही, माहितीही नाही. ही शंका मी माझ्यावरच मागे आणते आहे.

चिवल्याला शर्यतीच्या मार्गावर स्थानिकांच्या होड्याही उभ्या असतात. आदल्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर एका होडीवाल्याशी बोलले होते. पन्नाशीचे, बोलायला मोकळे. तुम्ही पोहता का या शर्यतीत, असं मी उगाच विचारलं. म्हणाले, “पाण्यात पडलंव तर पेवतंव गो बाय. मुद्दाम कित्याक पडूचा?” मी खूप हसले आणि तो किस्सा नंतर दहा जणांना रंगवून सांगितला. त्यांनी पुढे जे सांगितलं, ते मात्र कोणाला सांगितलं नाही. उद्या तुमचं काम काय, असं मी विचारलं होतं. “काय नाय. टोप्ये मोजूचे. एक कमी झालो की बोंब मारूची.” ज्या पाण्यात मी हौस म्हणून शिरते, ते त्यांचं कामाचं ठिकाण आहे. पावसाळ्यात जून-जुलैचे दोन महिने मासेमारी बंद असते, मग हंगाम सुरू होतो आणि तो हंगाम चालू असताना आम्ही रंगीत टोप्या घालून तिथे मध्येच येतो. तेही आम्हाला पाहुण्यांसारखं वागवतात आणि टोप्या मोजत बसतात. मीही पाण्यात टोप्या मोजत होते. माझ्या पुढे किती, मागे किती.

मी पदकाच्या जवळपासही नव्हते, हे सांगायला हवं, म्हणजे त्या हिशेबाची किंमत कळेल. त्या चार सेकंदांनी माझी यादीच्या मधल्या भागात एखादी जागा इकडेतिकडे झाली असती. शर्यत कोणी पदकासाठी वाकडी करतं तेव्हा निदान समजू शकतं. रिओ ऑलिंपिकमध्ये दहा किलोमीटरच्या शर्यतीत औरेली म्युलर दुसरी येऊनही बाद झाली. शेवटच्या फळीला हात लावताना तिने इटलीच्या ब्रुनीला अडवलं होतं. तिथे आयुष्यभराची मेहनत पणाला होती. माझ्याकडे पणाला काय होतं? घरी गेल्यावर “कितवी आलीस?” या प्रश्नाला द्यायचा आकडा. तो विचारणारेही उत्तर येईपर्यंत थांबत नाहीत, चहा टाकायला आत जातात.

किनाऱ्यावर आल्यावर मी टॉवेल गुंडाळून उभी होते. मागून कोणीतरी खांद्याला हात लावला. तीच. गॉगलमध्ये पाणी शिरलं होतं, तोंडात लाट गेली आणि जीव घाबरला, असं सांगत होती. कयाकवाल्याने दोन मिनिटं कयाकला धरून राहू दिलं, मग ती पुन्हा निघाली आणि शर्यत पुरी केली. “तुम्हीच ना त्या, लाल टोपीवाल्या? तुम्ही थांबून मागे वळून बघितलंत. इतका आधार वाटला हो मला. म्हटलं, कोणाचं तरी लक्ष आहे.”

मी म्हणाले, “अहो, त्यात काय.”

त्या तीन शब्दांनी मी तिचे आभार स्वीकारले. तेव्हा बोलायला जीभ वळली नाही असंही नाही, ती अगदी सफाईने वळली. नंतर आम्ही गरम भजी खाल्ली, नंबर घेतले. ती इचलकरंजीची निघाली. आता अधूनमधून तिचे मेसेज येतात. माझ्यामुळे ती पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे, असं तिने मला लिहिलं आहे. मी त्यावर हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

हे तिला सांगावं का, यावर बराच विचार केला. सांगितलं तर मला हलकं वाटेल हे नक्की. तिला काय वाटेल? भर समुद्रात तिला एका नजरेचा आधार मिळाला होता. ती नजर प्रत्यक्षात काय शोधत होती, हे ऐकून तिच्या हाती काय लागणार? माझं ओझं उतरवायला मी तिचा आधार काढून घ्यायचा, म्हणजे पुन्हा स्वतःसाठीच पोहणं झालं. आणि न सांगणं हेही मला सोयीचंच आहे, हे दिसतंच आहे. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी मध्ये मीच येते. या प्रश्नाला माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही.

परवा तिने विचारलं की पुढच्या शर्यतीत सुरुवातीला आपण शेजारी उभं राहू या का, निदान पहिल्या बोयापर्यंत सोबत जाऊ, तिला तिथपर्यंत फार भीती वाटते. मलाही तिथपर्यंतच वाटते, हे मात्र मी तिला लगेच कळवलं. तिचा वेग माझ्याहून थोडा कमी आहे. बोया आला की थांबायचं की तिला सोडून पुढे जायचं, हे तिथे ठरवावं लागेल. आत्ता या खुर्चीत, कोरड्या अंगाने दिलेलं उत्तर त्या पाण्यात टिकेलच, असं मी कोणाला लिहून द्यायला तयार नाही.